वर मी, खाली तू

दारात चपला काढायच्या, व्हरांड्यात यायचं, माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघायचं आणि हनुवटीनं तिथला फलक दाखवून म्हणायचं, "वर मी, खाली तू." नमस्कार नाही, काही नाही. आमच्या शाळेची अध्यक्ष अशी यायची.

फलक भिंतीवरच तेलरंगात रंगवलेला होता : शाळा व्यवस्थापन समिती. सगळ्यांत वर अध्यक्ष म्हणून तिचं नाव, मग पालक सदस्यांची, आणि अगदी खाली, पोरांच्या गुडघ्याशी येईल एवढ्या उंचीवर, सचिव म्हणून माझं. मुख्याध्यापक हा समितीचा सचिव असतो, असा नियम आहे. तिला वाचता येत नव्हतं. पण कोणतं नाव कुठे आहे हे तिनं रंगाऱ्याकडून बोट ठेवून समजून घेतलं होतं, आणि तेवढं वाचन तिला पुरलं.

पाडा खांडबाऱ्याहून आत, टेकडीच्या पायथ्याशी. मी नंदुरबारहून गाडीनं खांडबाऱ्याला उतरायची आणि स्टेशनबाहेर ठेवलेल्या स्कूटीवर पुढे जायची. चौथीपर्यंतची जिल्हा परिषदेची शाळा, दोन खोल्या, दोन शिक्षक. त्यातले दुसरे गुरुजी बहुतेक वेळ कुठल्या ना कुठल्या सर्वेक्षणावर असायचे, म्हणजे हिशेबात दोन आणि वर्गात एक.

तिला अध्यक्ष करण्यात माझा काही मोठेपणा नाही. आमचे केंद्रप्रमुख माझ्यासारखेच तापीकाठचे, अहिराणी बोलणारे. ते म्हणाले होते, "ताई, एखादी गरीब बाई देखा. अंगठा दी, घर जाई. डोक्याले ताप नको." ही त्या पालकसभेला खिचडीत मीठ नसतं अशी तक्रार करायला आली होती. मुलगा-सून दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जायचे, नात हिच्याजवळ राहायची, म्हणून ही पालक. सगळ्यात मोठ्यानं तीच बोलत होती. कोणीतरी हसत तिचं नाव सुचवलं आणि बाकीच्यांनी सुटकेनं हात वर केले.

"अध्यक्षनं काय करानं ऱ्हास?" तिनं मला विचारलं.

मी नियम वाचून दाखवला : शाळेचं व्यवस्थापन समिती पाहील. तिनं तो खरा मानला. दुसऱ्या दिवसापासून ती रोज पाहायला येऊ लागली. वाचून दाखवलेलं खरं मानणारी माणसं फार त्रासदायक असतात. तुम्हालाही एखादं भेटलं असेल.

घरी ती मावची बोलायची. माझ्याशी बोलायची ती बाजारात कोंबड्या आणि भाजी विकता विकता शिकलेली अहिराणी. शाळेला ती शाया म्हणायची, कारण आमच्याकडे ळचा य होतो. आणि तू सगळ्यांना. मी सुरुवातीला तिला तुम्ही म्हणायची, तेव्हा ती मागे वळून बघायची की आपल्याबरोबर आणखी कोण आलंय. शेवटी मीही तूवर आले. काम लवकर व्हायचं.

एका पावसाळ्यात दुसऱ्या खोलीची कौलं सरकली. मी वर कळवलं. वरून आलं, गळतीचा फोटो पाठवा. पाठवला. मग आलं, ठिकाण आणि वेळ दिसेल असा फोटो पाठवा. तोही पाठवला. मग बराच काळ काही आलं नाही, आणि आलं तेव्हा फोटोत गळती स्पष्ट दिसत नाही असं आलं. तोपर्यंत पोरं पाटीवर कमी आणि गळतीखाली ठेवलेल्या बादलीत पडणाऱ्या पाण्यावर जास्त लक्ष ठेवून होती. अध्यक्षानं पाड्यावरचे दोन बाप्ये आणले, शिडी लावली आणि लुगड्याचा काचा मारून स्वतःच छपरावर चढली. मी खालून ओरडत होते, "अगं, उतर! पडलीस तर माझी नोकरी जाईल!"

कौलांवरून तिचा आवाज आला, "वर मी, खाली तू!"

पोरं इतकी हसली की त्या दिवशी पुढे पाढे झाले नाहीत. छप्पर गळायचं थांबलं. नंतर माझ्याकडे विचारणा झाली, परवानगी न घेता इमारतीच्या बांधकामात बदल कोणी केला?

तिचा दरारा खरा दिसायचा तो दिवाळीनंतर. मुकादमाचा ट्रक पाड्यावर आला की माणसं, भांडी, कोंबड्या, पोरं, सगळं एका हालचालीत वर चढायचं. ती ट्रकच्या तोंडाशी उभी राहायची. "मोठा माणूस ली जाय. पोरे शायाना शेतस." मुकादम चिडायचा, "तू कोन वं?" ती म्हणायची, "तू मुकादम, मी अध्यक्ष." आणि हात धरून एकेक पोर खाली उतरवायची. आज्या-आजोबांच्या ताब्यात द्यायची. आया रडायच्या, तिला शिव्याही द्यायच्या. तिच्या स्वतःच्या सुनेनं एकदा तिच्या दंडाला चावा घेतला होता. नात मात्र खालीच राहिली. "मन्ही नात बठ्ठी शाया शिकी," ती सांगायची. बठ्ठी शाळा म्हणजे शाळा जितकी असते तितकी सगळी. चौथीच्या पुढे शाळा किती लांब जाते, याची तिला कल्पना नसावी.

आता बाजाराची गोष्ट, जिच्यामुळे सगळं झालं.

खांडबाऱ्याचा आठवडे बाजार म्हणजे त्या भागाचा सगळा आठवडा. त्या दिवशी पाड्यावर म्हातारं कुत्रंसुद्धा मागे राहत नाही. पोरं आईबापाबरोबर, आजीबरोबर, डोक्यावर पाटी घेऊन जातात. शाळा उघडी, मी हजर, पोरं गायब. उलट रविवारी पोरं दिवसभर शाळेच्या ओट्यावर उंडारत आणि शाळेला कुलूप.

समितीच्या बैठकीत तिनं सरळ सांगितलं, "बाजारना दिन सुट्टी. रविवारना दिन शाया."

"असं आपल्याला करता येत नाही," मी म्हटलं.

"आपल्याले म्हंजे कोनले? शाया कोनी शे?"

तिचा यात स्वार्थ नव्हता असं नाही. बाजारात तिला नातीचे हात लागायचे. कोंबड्यांचे पाय बांधायला, सुट्टे पैसे मोजायला ती पोरगी पटाईत होती, आणि ते मोजणं मीच शिकवलेलं होतं. पण तिचं म्हणणं चुकीचंही नव्हतं. ठराव झाला. तो मी वर पाठवला. उत्तर येईपर्यंत थांबायचं असतं. आम्ही थांबलो नाही.

रविवारी सकाळी मी निघाले तेव्हा नवऱ्यानं विचारलं, "आज कुठे?"

"अध्यक्षांचा आदेश आहे," मी म्हटलं.

त्या रविवारी शाळा भरली. पटावरचं एकूण एक पोर आलं, शिवाय पटावर नसलेली तीन-चार धाकटी भावंडं. रविवारचा तांदूळ शिजवायला परवानगी नव्हती, म्हणून बायांनी घरून भाकरी आणि भाजी आणली. मी हजेरी भरायला फोन काढला. त्यावर आलं : आज सुट्टी आहे.

मी अध्यक्षाला फोन दाखवला. तिनं तो हातात घेतला, उलटा केला, परत दिला. "त्याले सांग, पोरे बठेल शेतस."

"तो ऐकत नाही."

"कान नही का त्याले?"

आणि बाजाराच्या दिवशी तोच फोन सकाळपासून हजेरी मागायचा, खिचडीचा फोटो मागायचा. हजेरी भरली नाही तर शाळा बंद दाखवणार. म्हणून शून्य भरायला मी बाजाराच्या दिवशीही येऊ लागले. रविवारी शिकवायला, बाजारी शून्य भरायला. माझी सुट्टी अशी दोन्ही बाजूंनी गेली. दोन्हीकडून भरता भरता मी अध्यक्षाला आणि सरकारला सारख्याच शिव्या दिल्या.

केंद्रप्रमुख एकदा येऊन गेले. चहा घेतला, फलकाकडे बघणं टाळलं. "ताई, तुम्ही कसाले ह्या भानगडमा पडी ऱ्हायनात? सरासरी घसरी ऱ्हायनी. वर देखतस ते सरासरी देखतस, पोरे नही देखत."

"मग तुम्ही सांगा ना वर."

"मी काय सांगू? मी खालेच शे."

मग एका बाजाराच्या दिवशी, न कळवता, तालुक्याचे मोठे साहेब आले. जीप थांबली. रिकाम्या शाळेत मी एकटी खुर्चीवर.

"विद्यार्थी?"

"बाजारात आहेत, सर."

"आणि तुम्ही?"

"मी शून्य भरायला आले आहे."

ते चिडले. चिडणं बरोबरच होतं, मीही त्यांच्या जागी चिडले असते. शाळा बंद ठेवणं, मनमानी, कारवाई, असे शब्द सुरू झाले. कोणी बातमी पोचवली माहीत नाही, पण ते लेखी खुलासा मागत होते एवढ्यात एक मोटारसायकल दारात थांबली आणि मागच्या सीटवरून अध्यक्ष उतरली. काखेत न विकलेली कोंबडी. चपला काढल्या, व्हरांड्यात आली, साहेबांना नखशिखांत पाहिलं आणि हनुवटी भिंतीकडे केली.

"वर मी, खाली ही. तुन्हं नाव कठे शे?"

साहेबांनी खरोखर फलक वाचला. वरून खालपर्यंत.

"नाही माझं नाव," ते म्हणाले.

"मंग बस."

ते बसले. मला हसू आलं असतं, पण माझी नोकरी त्या खुर्चीवर बसली होती.

तिनं त्यांना पाणी दिलं. मग म्हणाली, "तुले पोरे देखना शेतस ना? चाल मन्हासंगे." आणि उत्तराची वाट न बघता जाऊन जीपमध्ये बसली, पुढच्या सीटवर, कोंबडीसकट. साहेब मागे बसले. मी स्कूटीवर त्यांच्या मागे.

त्या दिवशी मी बाजारात हजेरी घेतली. पटावरची नावं एकेक करून पुकारत मी पुढे आणि साहेब मागे. सुक्या बोंबलांच्या ढिगामागून "हजर, बाई!" बांगड्यांच्या हातगाडीखालून "हजर!" जिलबीवाल्यापाशी एका पोराचं तोंड भरलेलं होतं, त्यानं हात वर केला. तिची नात कोंबड्यांच्या टोपलीपाशी बसली होती. साहेबांनी तिला विचारलं, दोन कोंबड्या एवढ्याला तर पाच कितीला? ती म्हणाली, "पाच घेशील तर कमी करू." साहेब हसले. क्षणभर मला वाटलं, जमलं.

मग त्यांचा फोन वाजला. ते बाजूला झाले. "हो सर. नाही सर. पाहतोय सर." परत आले तेव्हा हसणं पुसलेलं होतं.

"मॅडम, हे सगळं मला दिसतंय हो," ते हळू म्हणाले. "पण मी वर काय दाखवू?"

अध्यक्षानं मध्येच म्हटलं, "माले दखाड. वर मी शे."

"आजी, तुमच्या वर खूप लोक आहेत."

ती खरंच वर बघायला लागली. वर ताडपत्री होती आणि तिच्या फाटक्या जागेतून ऊन खाली येत होतं.

काही महिन्यांनी आदेश आला. सरासरी उपस्थिती कमी, म्हणून नाल्यापलीकडच्या मोठ्या शाळेत समायोजन. आमच्या भरलेल्या रविवारांचा त्यात उल्लेख नव्हता. बाजारचे रिकामे दिवस मात्र एकूण एक मोजलेले होते. मी बैठकीत आदेश वाचला. एक म्हातारा सदस्य खूश होऊन म्हणाला, "भोजन? कोन दी ऱ्हायना?" कोणी हसलं नाही. मी समायोजनाचा अर्थ सांगितला : आपली शाळा बंद, पोरं तिकडे. अध्यक्ष उठली, भिंतीपाशी गेली, आपल्या नावावर हात ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "वर कोन शे ते देखसूत."

आम्ही गेलो. मी रजा काढून गेले, ती धुतलेलं लुगडं नेसून. केंद्रप्रमुख म्हणाले, वरतून उनं. तालुक्याला म्हणाले, वरून आलंय. नंदुरबारला एका टेबलावर म्हणाले वरच्या मजल्यावर जा, वरच्या मजल्यावर म्हणाले हा निर्णय आणखी वरचा. ती प्रत्येकाला एकच विचारायची, "तुन्हा वर कोन शे?" शेवटच्या मजल्यावरचा शिपाई कंटाळून म्हणाला, "मावशी, आता वर पाण्याची टाकी आहे."

ती जिना चढून टाकी बघून आली. खोटं वाटू नये म्हणून सांगते, मी खाली थांबले होते आणि मला तिच्या पायांचा आवाज येत होता. परत आली. "टाकीच शे," म्हणाली.

संध्याकाळी मी तिला नंदुरबार स्टेशनवर सोडायला गेले. बाकावर बसलो. तिनं कमरेची चंची काढली, पान न लावताच परत ठेवली.

"मन्हामुये गई का शाया?"

मी खोटं बोलले असते तर तिला कळलं असतं. "थोडी तुझ्यामुळे," मी म्हटलं. "जास्त त्यांच्यामुळे. पट तसाही कमीच होता."

"थोडी म्हंजे कितली?" तिनं विचारलं.

गाडी आली, तिला डब्यात बसवलं, खिडकीतून पाण्याची बाटली दिली.

शाळेला कुलूप लागलं. माझी नेमणूक दुसरीकडे झाली, त्यालाही समायोजनच म्हणतात. पोरं नाल्यापलीकडे जाऊ लागली. कोरड्यात ठीक होतं. पाऊस लागला, नाल्याला पाणी चढलं, तसे लहान वर्ग आधी थांबले. तिकडच्या समितीत पाड्याचं कोणी नव्हतं. अध्यक्ष एकदा तिकडे गेली होती, तिथल्या बाईंनी मला सांगितलं. चपला काढून आत गेली, भिंतीवरचा फलक वरून खालपर्यंत बघितला, एका पोराला सगळी नावं वाचायला लावली आणि परत फिरली.

दिवाळीनंतर ती मला खांडबारा स्टेशनवर दिसली. मी जुन्या शाळेचं काही सामान मोजून द्यायला आले होते. ती समोरच्या फलाटावर, मुलगा-सून, भांड्यांचं गाठोडं, आणि हात धरलेली नात. सुरतेकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत होते. मी पूल चढून पलीकडे गेले.

"हिला कुठं नेतेस?" मी विचारलं. माझा आवाज चढला असावा, कारण सून मागे सरकली. "पोरं शाळेची आहेत ना? तूच म्हणायचीस ना?"

"शाया कठे शे?" ती म्हणाली.

भांडण नव्हतं त्यात. विचारल्यासारखं विचारलं.

थोड्या वेळानं तिनंच समजूत घातली. "तठे बी शाया शे म्हनस मुकादम. ऊसना फडपासी."

"मुकादम काहीही सांगतो."

"जाईसन इचारसू ना. अध्यक्ष कोन शे, इचारसू." आणि पहिल्यांदा ती स्वतःच्याच बोलण्यावर हसली. नातीनं मला विचारलं, "बाई, रविवारी असते का तिथं?" मी म्हटलं, असेल. गाडी दोनच मिनिटं थांबते, पण ती सगळी चढली. आत जाताना अध्यक्षानं मागे वळून बघितलं नाही. गाठोडं सांभाळत होती.

मी पाड्यावर गेले तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात एक रंगारी स्टुलावर उभा होता. इमारत आता गोदामासाठी द्यायची ठरली होती, त्याआधी आतबाहेर पांढरा रंग मारायचा होता. फलकाचं शीर्षक आणि तिचं नाव गेलेलं होतं. ओल्या रंगाखाली अजून तिच्या नावाच्या वेलांट्या दिसत होत्या. मी उभी असतानाच त्यानं दुसरा हात फिरवला.

"वरून का सुरुवात केलीत?" मी उगाच विचारलं.

"ताई, रंग वरूनच मारतात. खालून मारला तर वरचा त्याच्यावर ओघळतो."

एकेक करून सदस्यांची नावं गेली. मी आत जाऊन फळा, घंटा, बादली, दोन सतरंज्या मोजून दिल्या, सही केली. बाहेर आले तर तो ब्रश धूत होता. डबा संपला होता, म्हणाला, राहिलेलं पुढच्या खेपेला.

पुढची खेप झाली नसावी. परवा त्या बाजूला कामाला गेले होते, तर स्कूटी थांबवून बघितलं. भिंत पांढरी आहे. तळाशी, गुडघ्याएवढ्या उंचीवर, सचिव म्हणून माझं नाव आहे. वर कोणी नाही.